‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणण्याआधी

जुने नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पाणी वाढलंय, दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलंय’ (नदीपात्रातल्या या मूर्तीवरून पुराची उंची ओळखतात) असेच इथे ऐकू येते. त्यामुळे ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ ही महाराष्ट्रभर समजूत काढण्यासाठी वापरली जाणारी म्हण नाशिकच्या माणसाला रोजच्या पाहण्यातली वाटते. रामकुंडावर दररोज दूरदूरच्या गावांहून माणसे अस्थी घेऊन येतात, पाण्यात उतरून त्या सोडतात आणि दुपारपर्यंत परतीच्या वाटेला लागतात. ज्यांनी हे केले आहे त्यांना ठाऊक असेल की त्या क्षणी हातातून खरोखरच काहीतरी सुटते. त्या सुटण्याविषयी आणि त्या म्हणीविषयी मला लिहायचे आहे. ही म्हण दुखावलेल्याला औषध ठरते की दुखावणाऱ्याच्या हातातले पांघरूण, हे ती कोण कोणाला ऐकवतो यावर अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

मनातली जुनी ओझी टाकून साधे जगावे, हा उपदेश सध्या फार ऐकू येतो आणि तो मुळात खोटा नाही. जुना राग किती जागा व्यापतो हे पाहायला लांब जावे लागत नाही. एखाद्या जुन्या वाड्यात मधोमध भिंत घालून दोन भाऊ पंचवीस-तीस वर्षे राहतात, एकमेकांच्या पावलांचा आवाज ओळखतात, पण एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत. लग्न ठरले की पत्रिका कोणाला द्यायची आणि कोणाला टाळायची यावर मुलामुलीच्या पसंतीपेक्षा अधिक रात्री खर्ची पडतात. बाजारात कोणत्या रस्त्याने जायचे, कोणाच्या दुकानातून काही घ्यायचे नाही, कोणाच्या मयताला अमरधामपर्यंतच जायचे आणि घरी जायचे नाही, हे सगळे त्या भांडणाला विचारून ठरवावे लागते. असा माणूस दोन खोल्यांत राहत असला, मोजके कपडे वापरत असला, पगारात भागवत असला, तरी त्याचे जगणे साधे नसते. म्हणून मनातले ओझे टाकण्याचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे.

माझी तक्रार त्या उपदेशाच्या वाटपाविषयी आहे. ‘सोडून दे’ हे वाक्य आपल्या घरांत कोणाला सांगितले जाते, हे एकदा आठवून पाहावे. ते मारणाऱ्या नवऱ्याला क्वचित सांगितले जाते, मार खाणाऱ्या बाईला सांगितले जाते. वाटा दाबून बसलेल्या थोरल्याला सांगितले जात नाही, मागायला आलेल्या धाकट्याला सांगितले जाते. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही आहे त्याच्यापुढे बोलायला नातेवाइकांची जीभ रेटत नाही, आणि ज्याच्याजवळ तक्रारीखेरीज काही उरलेले नाही त्याच्याकडून तीही काढून घेतली जाते. मग तो गप्प बसला की घरात शांतता नांदते, आणि त्या शांततेला आपण समजूतदारपणा म्हणतो.

मराठीत या गोष्टीला एक अधिकृत कागदही आहे. त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची वेळ आली, की बहिणींना बोलावणे जाते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांच्या सह्या आणि अंगठे होतात, आणि परतताना त्यांच्या ओटीत खण-नारळ पडतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस म्हणून स्थान दिले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत सहहिस्सेदार केले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क सर्वच मुलींना जन्मतः दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कायदा असा पायरीपायरीने पुढे गेला. घरातली रीत मात्र एकाच वाक्यावर थांबलेली आहे: ‘माहेर तुटेल.’ बहीण सही करते ती जमिनीचा मोह सुटला म्हणून नव्हे, दिवाळीला यायला दार उरावे म्हणून. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत, सधन घरी पडलेल्या आणि अडचणीतल्या भावाकडे पाहून मनापासून सही करणाऱ्याही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या कागदावर स्वखुशी हा शब्द आधीच टंकलिखित करून आणलेला असतो, त्यावरून खुशी कशी ओळखावी?

हे मी दुरून पाहिलेले लिहीत नाही. माझे आजोबा १९९७ मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षी माझ्या दोन्ही आत्यांनी मखमलाबाद शिवारातल्या जमिनीवरचा हक्क सोडला. थोरल्या आत्याने सही करण्याआधी ‘मला एक तुकडा तरी राहू दे’ असे म्हटले होते, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर ती येईनाशी झाली. राखी टपालाने येऊ लागली, मग तीही थांबली. वडिलांपुढे तिचा विषय निघाला की ते म्हणत, ‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखर वाटत असे की विषय मिटला आहे, कारण त्यांच्या बाजूने तो मिटलाच होता.

२०१६ मध्ये ते गेले. दहाव्याला गंगेवर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. ऊन चढू लागले तशी माणसे चुळबुळ करू लागली. ज्यांनी दशक्रिया पाहिली आहे त्यांना पुढचा प्रकार ठाऊक आहे: एकेक जण पुढे होतो आणि गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिले असेल त्याचा अंदाज बांधून मोठ्याने वचन देतो. ‘धाकटीचं लग्न करून देऊ’, ‘आईला अंतर देणार नाही’, ‘विहिरीचं काम पुरं करू’ अशी वाक्ये चारचौघांत, उघड्या आभाळाखाली बोलली जातात. आमच्यात सगळे बोलून झाले, तरी कावळे भिंतीवरच बसून होते. तेव्हा एका चुलत काकांनी माझ्या कानाशी येऊन सांगितले, ‘बहिणींचं बघतो म्हण.’ आत्या दहा पावलांवर डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मी म्हणालो, ‘दादा, आत्यांचं मी बघतो.’ थोड्या वेळाने कावळा शिवला आणि लोक उठले.

कावळ्याविषयी मला काही सिद्ध करायचे नाही. माझे लक्ष त्या अर्ध्या तासावर आहे. आपल्या समाजात मनात साचलेले मोठ्याने बोलण्याची, त्याला साक्षीदार ठेवण्याची आणि त्यावर काहीतरी करण्याचे वचन देण्याची एक रीत आहे, आणि ती इतकी रुजलेली आहे की अश्रद्ध माणूसही त्या वेळी मान खाली घालून उभा राहतो. राहिलेली इच्छा माणसाला अडकवून ठेवते, ती कोणीतरी ऐकून घेतल्याशिवाय आणि तिचे काही केल्याशिवाय सुटका नाही, ही त्या रीतीमागची समजूत मला मानसशास्त्राइतकीच खोल वाटते. त्र्यंबकेश्वरी त्रिपिंडी श्राद्धासाठी आणि नारायण नागबलीसाठी येणाऱ्यांच्या मनातही हीच समजूत असते, की अतृप्त राहिलेल्यांचे काहीतरी द्यायचे राहून गेले आहे. आपण ही सारी सोय मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. जिवंत माणसाची इच्छा अडकली असेल तर त्याला ‘सोडून दे’ म्हणून वाटेला लावतो आणि तो मेला की त्याच इच्छेपुढे हात जोडून उभे राहतो.

दिलेल्या वचनाला मी तीन वर्षे हात लावला नाही. २०१९ मध्ये त्या जमिनीतला एक तुकडा विकला गेला, तेव्हा वकिलाकडून दोन्ही आत्यांच्या वाट्यांचा हिशेब मांडून घेतला आणि थोरल्या आत्याकडे गेलो. खरे सांगायचे तर ती ‘मला आता काय करायचंय’ म्हणेल, मी आग्रह करीन आणि तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असे काहीसे चित्र मी मनात घेऊन गेलो होतो. तिने चष्मा लावला, कागद ओळ न् ओळ वाचला आणि एका गटाचे क्षेत्र कमी धरले आहे हे बोट ठेवून दाखवले. ते खरोखरच कमी धरले गेले होते. एकवीस वर्षे तिने तो आकडा जवळ बाळगला होता. दुरुस्त रकमेचा धनादेश नेला तेव्हा ती म्हणाली, ‘दे. माझंच आहे ते.’ नंतर चहा झाला, आणि चहानंतर तिने माझे वडील तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत कसे नेत असत ते सांगायला सुरुवात केली. त्या कागदाखेरीज भावाविषयी दुसरे काही बोलताना मी तिला कित्येक वर्षांनी ऐकत होतो. दोन तासांनी निघालो तेव्हा ती अजून बोलतच होती.

आत्याने इतकी वर्षे ‘धरून ठेवले’ म्हणून नातेवाइकांत तिची संभावना झाली होती. मला आता वाटते की तिने राग धरला नव्हता, हिशेब धरला होता, आणि तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. जे देणे आहे ते दिले गेले, जे घडले ते घडले असे समोरच्याने कबूल केले, की मागे राहतो तो नुसता राग, आणि नुसता राग माणसाला फार काळ पेलवत नाही. सोडण्याचे काम तिथून सुरू होते. त्याआधी ते मागणे म्हणजे कर्जदाराने सावकाराला अपरिग्रह शिकवण्यासारखे आहे.

‘विसरून जा’ हा सल्ला तर निव्वळ कामाच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले आणि विचार आला की घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजत राहिल्या, आणि पुढे विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर, आधी मनाई झालेल्यांच्या मनात ते अस्वल सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आले. याच्या उलट वाट जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये दाखवली. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या ते लिहून होताच अधिक अस्वस्थ झाले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहान आणि माणसागणिक वेगळा आढळला आहे, म्हणून त्याला रामबाण म्हणता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे, आणि ती पिंडापुढे मोठ्याने बोलणाऱ्या माणसांच्या दिशेपासून फार दूर नाही. ज्यांचे ओझे झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच खाऊ लागले आहे त्यांना मात्र कोणीही सोडण्याधरण्याचा उपदेश करू नये. तो आजार असतो आणि त्याला उपचार लागतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे.

आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी आहे. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरे होतात. शिबिर दहा दिवसांचे, त्यातले पहिले नऊ दिवस मौन असते, फोन जमा केलेले असतात, आणि शरीरात उठणाऱ्या संवेदनांकडे प्रतिक्रिया न देता पाहण्याचा सराव करायचा असतो. तिथून परतलेल्या ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्यावरचे बदल मी पाहिले आहेत आणि ते खरे आहेत. त्यातल्या एका मित्राने मला सांगितले की आठव्या दिवशी त्याला धाकट्या भावाचा चेहरा सारखा दिसू लागला, आणि राग येण्याऐवजी आपणच त्याला दुकानातून बाहेर काढले होते हे स्वच्छ दिसले. मी विचारले, मग भावाला फोन केलास? नाही, तो म्हणाला, आता त्याची गरज वाटत नाही, मी मोकळा झालो आहे. हे उत्तर मला तेव्हापासून छळते आहे. साधनेने त्याला जे दाखवले ते भावापर्यंत पोहोचवायचे होते. मोकळा झाला तो काढणारा, आणि ज्याला काढले तो आजही दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो.

नाशिकच्या इतिहासात सोडण्याचे आणि न सोडण्याचे एक असे उदाहरण आहे की त्यापुढे आपली घरगुती भांडणे लहान वाटतात, आणि तरीही त्यातला विवेक घरातही लागू पडतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, दरवाजे बंद राहिले, दगड खाल्ले, तुरुंग भोगले. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना कळवले की सत्याग्रह सुरू केला तो अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हे, त्यांना जागे करण्यासाठी, आणि ते काम झाले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती खरी केली. त्यांनी काय सोडले हे नीट पाहावे. त्यांनी त्या दाराची याचना सोडली. ज्याने नाकारले त्याच्या होकारावर आपली किंमत अवलंबून ठेवणे सोडले. झालेला अन्याय घडलाच नाही असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही, समतेचा हक्क तसूभरही सोडला नाही, आणि ‘झालं गेलं’ हे शब्द तर त्यांच्या तोंडी कल्पनेतही बसत नाहीत. समोरचा कधीच देणार नाही हे ज्यांना कळून चुकले आहे, त्या सर्वांना ही वाट मोकळी आहे: हक्काची नोंद कायम ठेवून दाराशी उभे राहणे तेवढे थांबवायचे.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा आधार घेऊन लोक तीन फुटांच्या बांधासाठी तीन पिढ्या न्यायालयात घालवतील तर ते मला नको आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कोणत्याही तालुक्यात जावे, बांध कोरल्यावरून सुरू झालेला आणि मूळ वादी-प्रतिवादी दोघेही वारल्यावर मुलांनी वारसाने चालवलेला दावा सापडतो. वकिलांच्या फीत आणि तारखांच्या फेऱ्यांत त्या बांधाची किंमत कधीच निघून गेलेली असते. इथे खरोखरच सोडायला हवे. पण गंमत अशी की इथेसुद्धा नुसत्या उपदेशाने कोणी सोडत नाही. त्याला दोघांची अब्रू राखणारी आणि कागदावर पक्की होणारी रीत लागते. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये आणलेली सलोखा योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. माझ्या नावावरची शेतजमीन तुझ्या ताब्यात आणि तुझ्या नावावरची माझ्या ताब्यात, असे निदान बारा वर्षे चालले असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदल कायम करता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही, म्हणजे ते भांडण खरोखर संपते. अशा तडजोडीत कोणी हरत नाही, निदान हरल्यासारखे दिसत नाही, आणि आपल्याकडे ते दिसणेच मोठे असते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातले तंटे गावातच मिटवावेत हा विचार घरोघरी नेला. तो चांगला होता. पण मिटलेल्या तंट्यांची संख्या हेच यश मानले की दुबळ्या बाजूला लवकर गप्प करण्याचा मोह होतो, आणि तिथे पुन्हा तेच ‘सोडून दे’ येते.

म्हणून माझी एक छोटी मागणी आहे, आणि ती हक्कसोडपत्राविषयी आहे. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक आजही दस्त करून देणाऱ्याला विचारतो की हा दस्त तुम्ही करून दिला आहे का, सही तुमची आहे का. त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत: तुमचा वाटा किती आहे हे तुम्हाला सांगितले आहे का, आजच्या रेडी रेकनरने, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरतक्त्याने, त्याची किंमत किती होते हे माहीत आहे का, आणि त्याच्या बदल्यात काही मिळाले का. हे प्रश्न बहिणीला एकटीला, भावांना बाहेर बसवून विचारावेत आणि उत्तरे दस्तावर लिहावीत. दराचा तक्ता त्याच कार्यालयात असतो, त्यामुळे आकडा काढायला दहा मिनिटेही लागणार नाहीत. भाऊ आधीच पढवून आणतील, माहेर तुटण्याची भीती तशीच राहील, हे मला कळते. तरीही आपण नेमके काय सोडतो आहोत तो आकडा एकदा तिच्या कानावर पडेल. ज्या बहिणीला मनापासून सोडायचे आहे ती तो ऐकूनही सोडील, आणि तिच्या त्या देण्याला भाऊही पुढे ‘तिला काय कळतं’ असे म्हणू शकणार नाही.

धाकटी आत्याही त्याच दस्तावर सही करून गेली होती. थोरलीकडे हिशेब घेऊन गेलो त्याच्या आदल्या वर्षीच ती वारली. तिच्या अस्थी सोडायला मी रामकुंडावर होतो, पाण्यात उभा राहून ‘तुझं मी बघतो’ असे मनात म्हणालो, आणि तेव्हाही उशीर झालेला होता. तिची मुले सिन्नरला असतात. त्यांच्या वाट्याचा कागद दुरुस्त क्षेत्रासह तयार करून ठेवला आहे. त्यांना आईच्या त्या सहीविषयी किती माहीत आहे याची मला कल्पना नाही, आणि ते मला घरात घेतील की दारातून परत पाठवतील, हेही सांगता येत नाही. पितृपक्ष लागण्याआधी मी तिथे जाणार आहे.